कवडी पाळायची, तर आधी टाकी ओळखा

कवडी माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. गोंधळ्याच्या गळ्यातली माळ, सारीपाटावर पडणारे दान, देवीच्या परडीतली कवडी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. बोलण्यातही ती सारखी भेटते. कुणाची जमीन कवडीमोल भावाने जाते, कुणी शेजारी कवडीचुंबक असतो, तर कुणाच्या खिशात फुटकी कवडी नसते. मात्र कवडी ही मुळात एका जिवंत समुद्री गोगलगाईचे कवच आहे आणि ती गोगलगाय खडकावरचे शेवाळ खाऊन जगते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यांना मात्र ही जिवंत कवडी चांगली ठाऊक आहे. काचेवर आणि दगडांवर साचणारे शेवाळ फस्त करणारा प्राणी म्हणून जगभरचे हौशी लोक ती आपल्या टाकीत सोडतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही समुद्री मासे पाळण्याचा छंद असलेले लोक आहेत. टाकीत हिरवटपणा दिसू लागला की त्यांना हमखास सल्ला मिळतो, ‘दोन-चार गोगलगाई सोडा, सगळं साफ होईल.’

हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. जुनी, स्थिरावलेली आणि नीट राखलेली टाकी असेल तर छोटी पिवळी कवडी तिथे छान जगते आणि कामही करते. नवी, अस्थिर किंवा बिघडलेली टाकी दुरुस्त करण्यासाठी ती आणली, तर बहुतेक वेळा ती उपाशी राहून किंवा पाण्यातल्या बदलाने मरते. शेवाळ मात्र होते तिथेच राहते. असे का होते, हे समजून घेण्यासाठी आधी हा प्राणी नीट ओळखायला हवा.

कवचाआडचा जीव

जुन्या काळी चलन म्हणून वापरली जाणारी कवडी ती हीच. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये तिचे नाव ‘सायप्रिया मोनेटा’ असे ठेवले. मोनेटा म्हणजे नाणे. आज शास्त्रीय ग्रंथांत ती ‘मोनेटारिया मोनेटा’ या नावाने ओळखली जाते. लांबी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर, रंग पिवळसर पांढरा आणि कडेला गाठीसारखे उंचवटे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात ती आढळते. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळ भागांत तिचे घर आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांखाली, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांच्या आडोशाला ती दिवसा दडून बसते आणि अंधार पडला की चरायला निघते.

इतर शंख समुद्रात काही काळ राहिले की खरबरीत होतात, त्यांच्यावर शेवाळ आणि चुनखडीचे थर चढतात. कवडी मात्र पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत असते. याचे कारण तिच्या शरीराचा प्रावार नावाचा मांसल पडदा. इतर गोगलगाईंचा प्रावार कवचाच्या आत असतो. कवडी तो दोन्ही बाजूंनी बाहेर काढते आणि शालीसारखा पाठीवर ओढून घेते. दोन्ही पदर पाठीच्या मध्यावर येऊन भिडतात. याच पडद्यातून चुनखडीचा नवा थर कवचावर चढतो आणि बाहेरची घाण त्यावर टिकत नाही. त्यामुळे कवडीची चकाकी हे तिच्या तब्येतीचे चिन्ह आहे. टाकीतल्या कवडीचे कवच निस्तेज दिसू लागले, त्यावर हिरवट डाग पडू लागले, तर तिने बरेच दिवस प्रावार बाहेर काढलेला नाही असे समजावे.

लहान असताना कवडी कवडीसारखी दिसतच नाही. तिचे कवच पातळ असते, तोंड रुंद असते आणि टोकाला इतर शंखांसारखा पीळ असतो. वयात आली की कवचाचा ओठ आत वळतो, त्याला दाते फुटतात आणि ओळखीची ती अरुंद दातेरी फट तयार होते. तिथून पुढे कवचाची लांबी वाढत नाही, फक्त जाडी वाढते. आत जागा कमी पडू नये म्हणून कवडी आपल्याच कवचाच्या आतल्या भिंती विरघळवून पातळ करते. आपल्या हाडांतही जुना भाग झिजवून नवा भरण्याचे काम आयुष्यभर चाललेले असते, त्याच जातीची ही व्यवस्था आहे.

तिच्या तोंडात रॅड्युला नावाची पट्टी असते. कानशीसारख्या या पट्टीवर बारीक दातांच्या ओळी असतात. दगडावर ती घासत जायची आणि शेवाळाचा पातळ थर खरवडून गिळायचा, हेच कवडीचे जेवण. म्हणजेच तिला लागते ते पातळ, कोवळे शेवाळ. काचेवरचा हिरवा किंवा तपकिरी थर आणि दगडावरची आखूड लव ती चांगली साफ करते. बोटभर वाढलेले केसाळ शेवाळ, फुग्यांसारखे गोल शेवाळ किंवा वाळूवर पसरणारा लालसर चिकट थर हे तिच्या आवाक्यातले काम नाही. तो लालसर थर तर शेवाळाचाही नसतो, सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा असतो.

चलन म्हणून फिरलेली गोगलगाय

कवडीला पूर्वी खरोखरच मोल होते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त नाण्यांचे कोष्टक कवडीपासूनच सुरू होते. वीस वराटक म्हणजे कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिणींचा एक पण. म्हणजे एका पणाला ऐंशी कवड्या. या कवड्या प्रामुख्याने मालदीवमधून येत. चौदाव्या शतकात तिथे राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने नोंदवले आहे की मालदीवचे लोक बंगालमधून तांदूळ घेत आणि बदल्यात कवड्या देत. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या असा भाव त्याने दिला आहे. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी हीच कवडी जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेली आणि गुलामांच्या खरेदीत वापरली.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर कवड्या गोळा झाल्या त्या जिवंत प्राण्यांच्याच. समुद्रातून काढलेल्या कवड्या वाळूतल्या खड्ड्यात पुरत, आतला जीव मरून कुजला की रिकामे कवच धुऊन घेत. मालदीव आणि लक्षद्वीपच्या उथळ, उबदार पाण्यात त्या अमाप होत्या, म्हणून हा व्यापार शतकानुशतके चालू शकला. मत्स्यालयासाठी होणारा आजचा व्यापार आकाराने त्याच्या जवळपासही नाही. पण एक बाब बदललेली नाही. टाकीत येणारी कवडी आजही थेट समुद्रातूनच उचललेली असते.

याचे कारण तिच्या प्रजननात आहे. मादी दगडाच्या आडोशाला अंड्यांच्या पुंजक्यावर बसून ती राखते. अंड्यांतून निघणारी सूक्ष्म पिल्ले समुद्राच्या प्रवाहात तरंगत राहतात, तिथले सूक्ष्म अन्न खातात आणि बऱ्याच काळाने तळाला येऊन गोगलगाईचे रूप घेतात. घरच्या टाकीत पंप आणि फिल्टर असतात, त्यात ही पिल्ले तग धरत नाहीत. त्यामुळे टाकीत मेलेल्या प्रत्येक कवडीच्या जागी समुद्रातून दुसरी काढावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी जोडलेल्या केंद्राने २००३ मध्ये जगभरच्या सागरी मत्स्यालय व्यापाराचा अहवाल प्रसिद्ध केला होता. मासे आणि प्रवाळ सोडून इतर अपृष्ठवंशी प्राण्यांचीच वार्षिक उलाढाल त्यात नव्वद लाख ते एक कोटी नगांच्या घरात धरली होती. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई त्यातल्या मोठ्या खपाच्या प्राण्यांपैकी आहेत.

शेवाळ हे लक्षण, आजार दुसराच

ताप आला की पॅरासिटामॉल घ्यावे, तात्पुरते बरे वाटते. पण ताप मलेरियाचा असेल तर पॅरासिटामॉलने मलेरिया जात नाही. टाकीतले शेवाळ हे त्या तापासारखे आहे. ते का वाढले, याचा शोध न घेता गोगलगाय सोडणे म्हणजे निदान न करता गोळी देणे.

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट. टाकीवर खिडकीतले ऊन येत असेल किंवा दिवा दहा-बारा तास चालू राहत असेल, तर प्रकाश जास्त होतो. माशांना गरजेपेक्षा जास्त खाद्य टाकले, की उरलेले कुजून नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतात. पाणी नळाचे वापरले तर त्यातूनही हे क्षार येतात. टाकी लहान आणि मासे जास्त असतील तर त्यांच्या विष्ठेने तेच होते.

कवडी शेवाळ खाते, म्हणजे टाकीतून काही बाहेर काढते असे नाही. खाल्लेल्या शेवाळाची विष्ठा त्याच पाण्यात पडते आणि त्यातले नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा पाण्यात मिसळतात. घरातला कचरा बारीक करून परत घरातच पसरावा, तसा हा प्रकार आहे. टाकीतून हे क्षार खरोखर बाहेर जातात ते पाणी बदलल्याने, प्रोटीन स्किमरसारख्या यंत्राने किंवा शेवाळ हाताने उपटून फेकून दिल्याने. त्यामुळे खाद्य कमी करणे, दिव्याचे तास घटवणे, आरओचे पाणी वापरणे आणि नियमित पाणी बदलणे हा उपचार झाला. कवडी ही त्यानंतरची राखण आहे.

नव्या टाकीचा प्रश्न वेगळाच असतो. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट वर-खाली होत राहतात. याच काळात काचेवर तपकिरी थर येतो, तो पाहून मालक घाबरतो आणि गोगलगाई आणतो. नेमक्या त्याच वेळी टाकी तिच्यासाठी सर्वांत धोक्याची असते. पुढे तो तपकिरी थर आपोआप ओसरतो आणि अमोनियातून वाचलेली कवडी उपाशी पडते. चकचकीत, निर्मळ टाकी आपल्याला सुंदर दिसते, पण कवडीच्या दृष्टीने ते रिकामे ताट असते.

पाण्यातला बदल ती झेलू शकत नाही

माणसाच्या शरीरात मूत्रपिंडे आणि संप्रेरके मिळून रक्तातले मीठ एका ठरावीक पातळीवर राखतात. आपण लोणचे जास्त खाल्ले तरी रक्तातले सोडियम फारसे हलत नाही. समुद्री गोगलगाईकडे अशी यंत्रणा नाही. तिच्या शरीरातला द्रव बाहेरच्या समुद्राइतकाच खारट असतो. दवाखान्यातल्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, तर समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाहेरचे पाणी गोडे झाले की तिच्या पेशींत पाणी शिरते आणि त्या फुगतात. पाणी जास्त खारट झाले की पेशी आक्रसतात.

खडकांवर राहणाऱ्या काही गोगलगाईंच्या पायाला एक टणक झाकण असते. पाऊस पडला, ऊन वाढले की त्या आत जाऊन दार लावून घेतात आणि वाट पाहतात. पूर्ण वाढलेल्या कवडीला असे झाकण नसते. अरुंद फट हेच तिचे संरक्षण, आणि ती फट पाण्याला अडवू शकत नाही. म्हणून दुकानातल्या पिशवीतून कवडी थेट टाकीत सोडणे हा तिच्यासाठी मोठा धक्का असतो.

रुग्णाच्या रक्तातले सोडियम फार कमी झाले असेल, तर डॉक्टर ते घाईने वाढवत नाहीत. चोवीस तासांत आठ ते दहा मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ नये याची काळजी घेतली जाते, कारण झटपट सुधारणा मेंदूला इजा करू शकते. कवडीच्या बाबतीतही हेच धोरण हवे. पिशवीतल्या पाण्यासह तिला छोट्या भांड्यात ठेवावे. हवेच्या पंपाची बारीक नळी घेऊन तिला सैल गाठ मारावी आणि टाकीतले पाणी सलाइनसारखे थेंबथेंब त्या भांड्यात पडू द्यावे. तासाभरात भांड्यातले पाणी दोन-तीन पट झाले की कवडी अलगद टाकीत ठेवावी. भांड्यातले पाणी टाकून द्यावे.

टाकीतले तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, सामू ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, कॅल्शियम लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम हे आकडे तिला मानवतात. कवच चुनखडीचे असल्यामुळे सामू आणि कॅल्शियम घसरले तर कवच झिजते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी खास सांभाळाव्या लागतात. पहिली, तापमान. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी प्राण्यांची प्राणवायूची गरज वाढते. त्यात वीज जाऊन पंप बंद पडला तर काही तासांत संकट उभे राहते. दुसरी गोष्ट, बाष्पीभवन. टाकीतून फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे घटलेली पातळी भरताना खारे पाणी न घालता रोज थोडे थोडे आरओचे गोडे पाणी घालावे.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाचा असतो. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडणाऱ्या रोगावर तांब्याची औषधे वापरतात. लिटरमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा माशांना सोसते, पण गोगलगाय, कोळंबी आणि खेकड्यांना तीच मात्रा मारक ठरते. गंमत अशी की आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोह करते, तर कवडीच्या रक्तात ते काम तांबेच करते. त्यामुळे तिचे रक्त लाल नसून निळसर असते. शरीराला बारीक प्रमाणात लागणारी वस्तूच जास्त झाली की विष होते, हा औषधशास्त्रातला जुना धडा इथेही लागू पडतो. आजारी माशांवर तांब्याचा उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करावा. मुख्य टाकीत एकदा घातलेले तांबे दगड आणि वाळू शोषून घेतात आणि नंतर ते हळूहळू पुन्हा पाण्यात उतरते.

कोणती कवडी, कुणासोबत

दुकानात सर्वांत देखणी दिसते ती ठिपक्यांची वाघ कवडी. लहान असताना ती शेवाळ खाते, म्हणून खपतेही. मात्र ती सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते, मोठेपणी स्पंज आणि मऊ प्रवाळांवरही ताव मारते आणि सैल ठेवलेले दगड ढकलून पाडते. घरच्या टाकीसाठी ती योग्य नाही. पिवळी कवडी आणि पाठीवर सोनेरी कडे असलेली तिची बहीण, जिला वलय कवडी म्हणता येईल, या दोन्ही आकाराने लहान आणि स्वभावाने गरीब आहेत. शेवाळाबरोबर माशांचे उरलेसुरले खाद्यही त्या खातात.

ट्रिगरफिश आणि पफरफिश यांसारखे मासे गोगलगाई फोडून खातात, त्यांच्या टाकीत कवडी सोडू नये. संख्या जपून ठरवावी. दोनशे लिटरच्या, सहा महिने तरी जुन्या टाकीत एक किंवा दोन कवड्यांपासून सुरुवात करावी. महिनाभर शेवाळ किती उरते ते पाहावे आणि मगच पुढचा विचार करावा. काच स्वच्छ दिसू लागली की नोरी नावाच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा छोटा तुकडा रात्री दगडाला अडकवून ठेवावा आणि उरलेला सकाळी काढून टाकावा.

कवडी दिवसभर एका जागी बसून असेल तर काळजीचे कारण नाही, ती रात्री हिंडते. मात्र ती उलटी पडलेली असेल आणि सरळ करून ठेवल्यावरही तासन् तास हलली नाही, तर बाहेर काढून वास घ्यावा. मेलेल्या गोगलगाईचा वास लपत नाही. लहान टाकीत एक मेलेली कवडी राहून गेली तरी अमोनिया वाढतो आणि माशांवर बेतते.

हात घालणाऱ्याने घ्यायची काळजी

कवडी माणसाला चावत नाही, डसत नाही. पण समुद्रकिनाऱ्यावर शंख गोळा करताना किंवा अनोळखी विक्रेत्याकडून ‘मिश्र गोगलगाई’ घेताना तिच्यासोबत एक धोकादायक नातेवाईक येऊ शकते. ती म्हणजे कोन स्नेल, शंकूच्या आकाराची गोगलगाय. आइस्क्रीमच्या कोनासारखे, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळते असे तिचे कवच असते. त्यावर सुंदर नक्षी असते आणि फटीला कवडीसारखे दाते नसतात. ती शेवाळ खात नाही, शिकार करते. तिच्या तोंडातून भाल्यासारखा विषारी दात बाहेर येतो. मोठ्या जातींचे विष माणसाचे स्नायू लुळे पाडते आणि श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. त्यावर प्रतिविष नाही. रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवून विषाचा असर ओसरेपर्यंत जगवणे हाच उपचार. याच कुळातल्या एका जातीच्या विषाचा अभ्यास करून झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचे औषध तयार झाले आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, हे खरे. तरीही शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उघड्या हाताने उचलू नये, खिशात तर मुळीच ठेवू नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयरोगाच्या जंतूचा पाण्यात राहणारा भाऊबंद. हातावर कुठे खरचटलेले असेल आणि तो हात टाकीत गेला, तर तो त्वचेत शिरू शकतो. दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बोटावर किंवा मनगटावर लालसर गाठ येते. ती फारशी दुखत नाही, पण भरूनही येत नाही. पुढे हातावर एका रेषेत आणखी गाठी उठतात. हा जंतू तीस अंशांच्या आसपास चांगला वाढतो, म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, म्हणजे हातापायांच्या त्वचेत राहतो. प्रयोगशाळेतही नेहमीच्या ३७ अंशांवर तो नीट वाढत नाही आणि तपासणी निष्फळ ठरते. नेहमीच्या प्रतिजैविकांनी तो बरा होत नाही, योग्य औषधे काही महिने घ्यावी लागतात. निदानाला उशीर होण्याचे मुख्य कारण असे की घरात फिश टँक आहे हे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. हातावरची गाठ तीन-चार आठवड्यांत बरी होत नसेल, तर टाकीचा उल्लेख आवर्जून करावा.

मधुमेह असलेल्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी टाकीत हात घालताना लांब बाह्यांचे रबरी हातमोजे वापरावेत. कोपरापर्यंत साबणाने हात धुण्याची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी. टाकीचे पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नये. टाकीतले दगड स्वच्छ करण्यासाठी उकळू तर अजिबात नयेत. त्यांवर वाढणाऱ्या झोअँथिड जातीच्या काही प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते आणि दगड उकळल्याने निघालेल्या वाफेतून माणसांना विषबाधा झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

समुद्र आणि कायदा

आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा समुद्रातल्या काही शंखांनाही लागू आहे. २००१ मध्ये त्याच्या परिशिष्टांत काही मृदुकाय प्राण्यांची भर पडली. त्यात कवडीच्या तीन जाती आहेत आणि शेवाळ खाणाऱ्या ट्रोकस नायलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या दोन मोठ्या गोगलगाईही आहेत. पिवळी कवडी त्या भरीत नव्हती. भिंती रचणारे प्रवाळ मात्र त्याच वर्षी संरक्षित झाले. त्यामुळे प्रवाळाचा खडक टाकीसाठी समुद्रातून काढणे हा गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेररचना झाली आहे. म्हणून कोणताही समुद्री जीव घेताना त्याची नेमकी जात विक्रेत्याला विचारावी, बिल घ्यावे आणि शंका असल्यास वन विभागाकडे चौकशी करावी. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या सहलीवरून जिवंत कवड्या बाटलीत भरून आणू नयेत. नकोशी झालेली कवडी जवळच्या किनाऱ्यावर सोडूनही देऊ नये. ती तिथली नसेल तर बहुधा मरते, आणि टाकीतले रोगजंतू समुद्रात जातात ते वेगळेच. ती दुसऱ्या हौशी मत्स्यपालकाला द्यावी.

कवडी आणण्यापूर्वी पाहावे

टाकी किमान सहा महिने चालू आहे का?

अमोनिया आणि नायट्राइट सलग काही आठवडे शून्य आहेत का?

काचेवर आणि दगडांवर पातळ हिरवा थर नियमित येतो का?

या टाकीत पूर्वी कधी तांब्याचे औषध घातले होते का?

गोगलगाई खाणारे मासे आत नाहीत ना?

उन्हाळ्यात तापमान सांभाळण्याची आणि वीज गेल्यावर पंप चालवण्याची सोय आहे का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मनासारखे नसेल, तर कवडी विकत घेऊ नये. दिव्याचे तास कमी करावेत, खाद्य निम्मे करावे, दर आठवड्याला दहाव्या हिश्श्याचे पाणी बदलावे आणि काच चुंबकी घासणीने पुसावी. दोन महिन्यांत बहुतेक टाक्या सुधारतात. त्यानंतरही पातळ शेवाळ येत राहिले, तर कवडीसाठी ताट वाढलेले आहे असे समजून एक कवडी आणायला हरकत नाही.